टीएसएच नॉर्मल आली म्हणून मानेतली गाठ सोडून देऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मोफत थायरॉइड शिबिराची बातमी फोटोसकट आली होती. बायकांची रांग, टेबलावर रक्ताच्या ट्यूबा, मधोमध पुढारी, आणि खाली लिहिलेलं की बहुतेकींचे रिपोर्ट नॉर्मल आले, थोड्याजणींना गोळ्या चालू केल्या. काम चांगलंय, मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण मी त्याच भागात मेडिकल चालवतो, अशोक चौकाकडनं आत वळलं की, आणि शिबिरातनं सुटलेल्या बायका हातात रिपोर्ट घेऊन माझ्या काउंटरवर येतात, "अण्णा बघा की जरा, थायरॉइड नाही ना मला" म्हणून. त्यातल्या एकीच्या गळ्यात डाव्या बाजूला गाठ लांबनं दिसत होती, पदर जरा सरकला तर कुणालाही दिसली असती. तिचं रक्त घेतलं, बीपी घेतलं, वजन केलं, गळ्याला हात काय कुणी लावला नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नॉर्मल. ती आपली खुश होऊन घरी निघाली होती.

हे पत्र त्यासाठीच लिहितोय. मी डॉक्टर नाही, डी.फार्म झालेला माणूस आहे, पण इतकी वर्षं काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर आणि दोन पेशंट जवळनं बघितल्यावर एक गोष्ट कळली की आपल्याकडं थायरॉइड म्हणजे रक्ताचा रिपोर्ट आणि सकाळची उपाशीपोटी गोळी एवढंच डोक्यात बसलंय. ग्रंथी कमी काम करते का जास्त करते हे त्या टीएसएचवरनं कळतं. ग्रंथीत गाठ झालीये का, आणि झाली असेल तर ती कसलीये, हे त्यावरनं कळत नाही. थायरॉइड कॅन्सरच्या बहुतेक पेशंटची टीएसएच नॉर्मलच असते साहेब, कारण बाकीची ग्रंथी आपलं काम नीट करत असते, गाठ बाजूला गुपचूप वाढत असते, दुखत पण नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, माणूस निदान दाखवायला तरी गेला असता.

आधीच सांगतो, घाबरवायला लिहीत नाही. गळ्यातल्या थायरॉइडच्या दहा गाठी घेतल्या तर त्यातल्या नऊ तरी साध्या निघतात. आणि उरलेल्या कॅन्सरमधला सगळ्यात कॉमन प्रकार, पॅपिलरी, तो वेळेत सापडला तर कॅन्सर या शब्दाला आपण जेवढं घाबरतो तेवढं घाबरायचं कारण नसतं, ऑपरेशन होतं, गोळी चालू राहते, माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. अडचण अशी की हा आजार दर वेळी गळ्यातनंच दार वाजवत नाही. कधी मांडीच्या हाडातनं येतो, कधी छातीच्या एक्सरेत, कधी नुसता आवाज बसतो, आणि मग जो तो आपापल्या परीनं भलत्याच आजाराचं औषध घेत बसतो.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक अक्का होत्या, विडी वळायच्या. ज्यांनी विडीचं काम बघितलंय त्यांना माहितीये, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान खाली घालून सकाळपासनं संध्याकाळपर्यंत बसायचं. मान कायम खाली आणि वरनं पदर, त्यामुळं गळ्यातली गाठ घरातल्यांना पण धड दिसायची नाही. ती गाठ त्यांना दुसऱ्या बाळंतपणापासनं होती. थायरॉइडचं रक्त दोन-तीनदा तपासून झालेलं, दर वेळी नॉर्मल, "काही नाही, राहू दे" असं कुणीतरी सांगितलेलं. पुढं कंबर आणि उजवी मांडी दुखायला लागली. आता विडीवालीची कंबर दुखणार नाही तर कुणाची दुखणार, असंच सगळ्यांना वाटलं, कॅल्शियम झालं, डी थ्रीची पावडर झाली, मलम झालं, देवीला जाऊन अंगारा पण झाला. रात्रीचं जास्त दुखायचं, झोपल्यावर पण थांबायचं नाही, हे त्या सांगायच्या पण त्याचा अर्थ कुणी लावला नाही. एक दिवस खाली बसलेल्या त्या उठायला गेल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसत्या उठल्या.

ऑपरेशन झालं, रॉड टाकला. सर्जनला आतमधलं हाड काय बरोबर वाटलं नाही, रक्त पण नेहमीपेक्षा जास्त गेलं, म्हणून त्यांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला. ही त्या सर्जनची हुशारी, नाहीतर हाड जोडून पेशंट घरी गेला असता आणि काही महिन्यांनी दुसरं हाड मोडलं असतं. तो रिपोर्ट घेऊन त्यांचा पोरगा माझ्याकडं आला, म्हणला "अण्णा, ह्यांनी दुसऱ्याचा रिपोर्ट दिलाय वाटतं, आईचा पाय मोडलाय आणि ह्यात थायरॉइड लिहिलंय." मी वाचलं. मेटास्टॅटिक फॉलिक्युलर कार्सिनोमा, थायरॉइड. म्हणजे थायरॉइडचा फॉलिक्युलर प्रकारचा कॅन्सर, हाडापर्यंत पसरलेला. नाव, वय, सगळं आईचंच होतं.

आता पायाच्या हाडात थायरॉइड कुठनं आलं, हे त्या पोराला समजवायला मला बराच वेळ लागला, तेच इथं सांगतो. पॅपिलरी प्रकार बहुतेक वेळा लसिकेच्या, म्हणजे लिम्फच्या, वाटेनं जातो म्हणजे मानेतल्याच लिम्फच्या गाठींत उतरतो. फॉलिक्युलर प्रकार रक्तवाहिनीत घुसतो आणि रक्ताबरोबर लांब जातो, फुप्फुसात आणि हाडांत. मणका, खुबा, बरगडी, मांडीचं हाड, कवटी. तिथं हाड आतनं पोखरतं. ह्या पसरलेल्या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी एवढं रक्त गेलं, आधी माहिती असेल तर डॉक्टर लोक तिकडं जाणारी रक्ताची नळी आधी बंद करून मग हात घालतात. कधी कधी डोक्यावर केसांखाली मऊ फुगवटा येतो आणि हात लावला तर ठोके लागतात, ती पण हीच भानगड असू शकते, चरबीची गाठ समजून कुठंही छोट्या दवाखान्यात कापायला घेतली तर रक्त थांबता थांबत नाही. मणक्यात बसली तर आधी पाठ दुखते, मग पायातली ताकद जाते, लघवी अडकते, आणि तेव्हा तासातासाला किंमत असते, उद्या बघू म्हणायचं काम नाही.

आणि अक्कांच्या गळ्यातली ती गाठ? सोनोग्राफीत ती एवढी काही भयंकर पण दिसत नव्हती. फॉलिक्युलरची खोडच तशीये. नुसत्या सुईच्या तपासणीत साधी फॉलिक्युलर गाठ आणि फॉलिक्युलर कॅन्सर यातला फरक कळत नाही, पेशी दोन्हीकडं सारख्याच दिसतात, गाठीनं आपलं कवच फोडलंय का, रक्तवाहिनीत शिरलीये का यावर सगळं ठरतं आणि ते अख्खी गाठ काढून तपासल्यावरच कळतं. म्हणून सुईच्या रिपोर्टवर बेथेस्डा म्हणून एक ते सहा नंबर देतात. एक म्हणजे पेशीच पुरेशा आल्या नाहीत, परत सुई घाला. दोन म्हणजे साधी. सहा म्हणजे कॅन्सरच. मधले तीन, चार हे धड इकडचे ना तिकडचे, आणि लोक नेमके त्यावरच "कॅन्सर नाही म्हणलेत" असं म्हणून फाईल कपाटात टाकतात. पहिल्या नंबरवाले पण टाकतात, "काही निघालं नाही" म्हणून. अहो निघालं नाही म्हणजे सुईत आलं नाही.

एक गोष्ट वाचनात आलेली सांगतो, विषय निघालाय म्हणून. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये सायडलिन नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडं एक पेशंट होता ज्याची थायरॉइड ग्रंथी कितीतरी वर्षं आधी काढून टाकलेली, आणि तरी त्याला थायरॉइड वाढल्याची सगळी लक्षणं, वजन उतरतंय, छाती धडधडतेय. गळ्यात ग्रंथी नाही मग हार्मोन बनवतंय कोण? तर शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीच हार्मोन बनवत होत्या. त्याला १९४३ मध्ये रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन पाजलं, त्या गाठींनी ते ओढून घेतलं, आणि १९४६ मध्ये ते छापून आलं. आज आपल्या पेशंटला जो आयोडीनचा डोस देतात त्याची पाळंमुळं तिथपर्यंत जातात. थायरॉइडची पेशी कुठंही गेली, हाडात का फुप्फुसात, आयोडीन ओढायची तिची सवय बरेचदा सुटत नाही, आणि तिच्या त्या सवयीवरच तिला मारायचं, असा तो सगळा हिशोब आहे. मला तर हे वाचून लईच भारी वाटलं होतं.

आता दुसरी केस, आणि माझ्या मते सोलापुरासाठी हीच जास्त महत्त्वाची. अकरावीतली पोरगी, वडील यंत्रमागावर. मानेच्या बाजूला, कानाच्या खाली, दोन-तीन गाठी. ताप नाही, खोकला नाही, वजन उतरलेलं नाही, भूक चांगली. आजीनं गंडमाळ म्हणून लेप लावला, मग एका दवाखान्यात दाखवलं, छातीचा एक्सरे काढला तर त्यात दोन्ही बाजूला बाजरीच्या कण्यांसारखे बारीक ठिपके. झालं, टीबी. एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू. आपल्या देशात मानेतली गाठ म्हणलं की पहिला टीबी आठवतो आणि ते चूक पण नाही, जगातले चौथा हिस्सा टीबी पेशंट आपल्याकडं आहेत, फुप्फुसाबाहेरचा टीबी सगळ्यात जास्त मानेच्या गाठींतच होतो, त्यामुळं डॉक्टरला दोष देताना मी दहादा विचार करेन. पण सुई कुणी घातली नाही, थुंकी तपासली नाही, एक्सरे बघितला आणि औषध लिहिलं, ह्याला मात्र दोष देतो. पोरगी महिन्या-महिन्याला गोळ्या न्यायची, लघवी नारिंगी होते म्हणून घाबरून विचारायची, मळमळ व्हायची, आणि गाठी जिथल्या तिथं. उलट एक वाढली.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरनी सुईची तपासणी करायला सांगितली, एफएनएसी म्हणतात तिला. वडील एकटे जायला घाबरत होते म्हणून मी बरोबर गेलो. लोकांना वाटतं फार मोठं काहीतरी असतंय. टेबलावर झोपवलं, खांद्याखाली उशी दिली म्हणजे मान ताणली जाते, "आता गिळायचं नाही" म्हणाल्या मॅडम, आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा पण बारीक सुई दोन-तीनदा आतबाहेर केली. काचपट्टीवर थेंब टाकून दुसऱ्या काचपट्टीनं सर्रकन पसरवला. पाच मिनिटांचं काम, भूल नाही की टाका नाही. पण सिरिंजमध्ये जे आलं ते बघून मॅडमचा चेहरा बदललेला मला कळला, पू नव्हता, पातळ चॉकलेटी पाणी होतं. टीबीच्या गाठीतनं पिवळट घट्ट येतं. पॅपिलरी कॅन्सर मानेच्या गाठीत उतरला की कधी कधी ती गाठ अशी पाण्यानं भरते, आणि फसवणारी गोष्ट अशी की त्या पाण्यात पेशी फार थोड्या असतात, घाईत बघितलं तर "साधी पाण्याची गाठ" असा रिपोर्ट निघू शकतो. मॅडमनी परत गाठीच्या भिंतीतनं घेतलं आणि सुई धुवून त्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन तपासायला लावलं. हे प्रोटीन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, मानेच्या बाजूच्या गाठीत त्याचं काही काम नाही. ते आलं भरपूर.

मग गळ्याची सोनोग्राफी केली तेव्हा ग्रंथीत एक सेंटिमीटरपेक्षा पण लहान गाठ निघाली, हाताला लागणारच नाही अशी. आणि एक्सरेतले ते ठिपके टीबीचे नव्हतेच, तोच कॅन्सर फुप्फुसात पसरलेला. लहान पोरांत आणि तरुणांत पॅपिलरी असाच पसरतो बरेचदा, मानेच्या गाठी आधी, फुप्फुसात बारीक ठिपके, आणि मूळ गाठ एवढीशी.

हे ऐकून तिच्या आईनं दुकानातच बसकण मारली. पण आता नीट ऐका, कारण हे मला पण माहिती नव्हतं. थायरॉइड कॅन्सरच्या ह्या नेहमीच्या प्रकारांत, पॅपिलरी आणि फॉलिक्युलर, वयावर स्टेज ठरते. पेशंट ५५ च्या आतला असेल तर फुप्फुसात पसरला तरी स्टेज दोनच धरतात, तीन नाही, चार नाही. दुसऱ्या कुठल्या कॅन्सरात असं बघितलंय का? तरुण पेशंटच्या फुप्फुसातले बारीक ठिपके आयोडीन चांगलं ओढतात म्हणून. त्या पोरीचं पूर्ण ग्रंथी आणि मानेच्या गाठी काढायचं ऑपरेशन झालं, मग आयोडीनसाठी मुंबई. आता ती बीएस्सीला आहे, गोळ्या न्यायला स्वतः येते, गळ्यावरचा वण लपवायला ओढणी पण घेत नाही.

मुंबईचं थोडं सांगतो कारण आपल्याकडनं जाणाऱ्यांना आधी कुणी धड सांगत नाही. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासनं. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी मुंबईत. पण त्याआधीची तयारी घरी होते. थायरॉइडची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवायला सांगतात म्हणजे टीएसएच मुद्दाम वाढवायची, त्यात पेशंट सुजतो, थंडी वाजते, चिडचिड होते, घरच्यांनी समजून घ्यायला पाहिजे. इंजेक्शन देऊन पण वाढवता येते पण ते महाग. आणि आयोडीन कमी असलेलं खाणं, म्हणजे पुडीतलं आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध-दही कमी. आपल्या माणसाला शेंगाचटणीशिवाय भाकरी उतरत नाही, तर चटणी घरीच करायची, बिनआयोडीनच्या मिठाची, बाहेरची विकत आणलेली नको. कुठलं मीठ चालेल ते तिथल्याच डॉक्टरला विचारायचं, सैंधव म्हणून काहीही उचलायचं नाही. डोस दिल्यावर काही दिवस वेगळं ठेवतात, कारण अंगातनं, लघवीतनं, घामातनं रेडिएशन जात असतं. त्या आयोडीनचा जोर दर ८ दिवसांनी निम्मा होतो, शिवाय बरंच लघवीवाटे निघून जातं. घरी आल्यावर सांगितलेले दिवस लहान मूल आणि गरोदर बाई जवळ घ्यायची नाही, बाथरूमला पाणी दोनदा टाकायचं, एवढंच. गल्लीत मात्र "अणुबॉम्बचं औषध दिलंय" म्हणून हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं होतं त्या घराला, कितीतरी महिने. शिकलेल्या बायका होत्या.

अक्कांचं पण आयोडीन झालं, हाडावर रेडिएशनचा शेक पण झाला. हाडातल्या मोठ्या गाठी आयोडीनला फुप्फुसातल्या ठिपक्यांसारख्या दाद देत नाहीत. बऱ्याच वर्षं राहिल्या त्या, काठी घेऊन चालायच्या, विडी सुटली. गेल्या.

बाकी जे फसवे प्रकार आहेत ते थोडक्यात सांगतो. आवाज बसलाय, तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, तर मिसरी-तंबाखूवर ढकलून मोकळं होऊ नका, स्वरयंत्राची नस थायरॉइडच्या मागनंच जाते, गाठ तिला धरते, कान-नाक-घसावाल्याला दाखवा. म्हाताऱ्या माणसाचा वर्षानुवर्षं शांत बसलेला गलगंड काही आठवड्यांत भसाभसा वाढला, गिळताना अडकायला लागलं, श्वास घेताना आवाज यायला लागला, तर तो अॅनाप्लास्टिक असू शकतो, फार कमी लोकांना होतो पण झाला तर एक दिवस पण घालवू नये. मेड्युलरी म्हणून एक प्रकार आहे त्यात जुलाब लागतात, महिनोन्महिने, पोटाची सगळी औषधं होतात आणि दुखणं गळ्यात असतं. त्याला कॅल्सिटोनिन नावाची वेगळी रक्ततपासणी आहे. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हा घराण्यातनं आलेला असतो, आरईटी नावाच्या जनुकातनं, म्हणून सापडला तर भाऊबहीण, पोरंबाळं सगळ्यांची तपासणी करायला लागते, आणि ह्याला आयोडीन लागू पडत नाही. गळ्याच्या मधोमध जन्मापासनं असलेली, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ असते, ती बहुतेक साधी, पण शंभरातल्या एखादीत तिच्यात पण थायरॉइडचा कॅन्सर निघतो, म्हणून काढल्यावर तपासायला पाठवायचीच, कचऱ्यात टाकायची नाही. अंडाशयातल्या एका गाठीत पण थायरॉइडची पेशी असते आणि क्वचित तिथं कॅन्सर होतो, हे मला एका डॉक्टरनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडंच बघत बसलो होतो.

आता कुणी म्हणेल, मग शिबिरात सरसकट सगळ्यांची गळ्याची सोनोग्राफी करा. नको. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण पुढच्या शिबिराच्या बॅनरवर तेच येईल अशी मला भीती वाटते. दक्षिण कोरियात असंच झालं होतं, तिथं चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी घातली आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे पेशंट पंधरा पट वाढले. मरणारे कमी झाले का? नाही, जेवढे होते तेवढेच. म्हणजे जे बारके कॅन्सर आयुष्यभर झोपून राहिले असते ते उकरून काढले, हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या, कुणाचा आवाज गेला, कुणाचं कॅल्शियम कायमचं कोसळलं. ऑपरेशननंतर तोंडाभोवती मुंग्या, बोटं वळणं हे मी काउंटरवर बघतो, शेजारच्या चार बारक्या ग्रंथींना धक्का लागला की असं होतं, तडक डॉक्टरकडं जायचं असतं. (जाता जाता, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा, निम्मे लोक सकाळी दोन्ही एकदम चहाबरोबर गिळतात आणि मग टीएसएच हलत नाही म्हणून डोस वाढवून मागतात.)

म्हणजे ज्याला काही तक्रार नाही त्याचा गळा उकरायचा नाही, आणि ज्याला तक्रार आहे त्याच्या गळ्याला हात लावल्याशिवाय सोडायचं नाही. शिबिर घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की टेबलापाशी एक खुर्ची जास्त ठेवा, एक डॉक्टर असा बसवा जो पाण्याचा घोट घ्यायला लावून गळा बघेल आणि मानेच्या दोन्ही बाजू चाचपेल. थायरॉइडची गाठ गिळताना वर सरकते, एवढं तर घरी आरशात पण दिसतं. ज्यांना गाठ लागली त्यांनाच पुढं सोनोग्राफी आणि सुई. सुईची तपासणी सिव्हिलमध्ये होते, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

डॉक्टर मंडळींना मी काय सांगणार, पण मानेच्या गाठीला एकेटी लिहायच्या आधी सुई घालून त्यातला थोडा भाग सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवरच्या तपासणीला, आणि थोडा काचपट्टीवर द्यावा, सीबीनॅटचा रिपोर्ट काही तासांत येतो. आणि एकेटी चालू करून दोन महिने झाले, गाठ हलली नाही, तर नुसता कोर्स लांबवण्याऐवजी परत एकदा गळ्याकडं बघावं. न पडता हाड मोडलं तर आतला तुकडा तपासायला जावाच, आणि त्याच वेळी त्या पेशंटचा गळा पण बघावा.

आपला जिल्हा ह्या बाबतीत मागास नाही हे पण लिहायला पाहिजे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, गावागावात जाऊन कुणाला कुठला कॅन्सर झाला हे लिहून घ्यायचं काम, मुंबई-दिल्ली सोडून आपल्या बार्शीत. ज्या जिल्ह्यानं हे केलं त्याच्या शहरात विडी कामगार बायकांच्या शिबिरात कुणी गळा चाचपत नाही, हे मला पटत नाही. ऑपरेशनच्या खर्चाला घाबरणाऱ्यांनी आधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं, हॉस्पिटलच्या दारातच त्याचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं, उधारी-व्याजानं पैसे उचलायच्या आधी.

शिबिरातली ती बाई, जिच्या गळ्यात गाठ होती, तिला मी चिठ्ठी लिहून सिव्हिलला पाठवलंय. अजून गेली नाही, लग्नसराई आहे म्हणे घरात.

पत्र फार मोठं झालंय याची कल्पना आहे, तुमच्याकडं जागा नसेल तर कापा. कोरियाचं कापलं तरी चालेल, सायडलिन डॉक्टरचं पण कापा, टीबीवालं आणि न पडता हाड मोडलेलं तेवढं ठेवा. आणि जमलं तर शिबिराची बातमी जिथं छापली होती त्याच पानावर घ्या, आमच्या भागात तेवढंच पान वाचलं जातं.

आपला,
एक मेडिकलवाला
पूर्व भाग, सोलापूर